शेखच्या घरी सुकेळी

पप्पांना म्युझियम दाखवायचं. एवढाच प्लॅन होता. एक वडील, एक म्युझियम, एक रविवार. ह्यात चुकण्यासारखं काय आहे? तुम्ही म्हणाल काही नाही. मी पण तेच म्हटलं होतं.

म्युझियमचं नाव लिहीत नाही. अबू धाबीत आहे, सरकारी आहे, इतिहासाचं आहे, एका जुन्या किल्ल्यात आहे. एवढं बस. मला अजून ह्याच देशात नोकरी करायचीय.

नोकरी म्हणजे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये किचन इक्विपमेंटची फॅक्टरी आहे, तिथे मी स्टोअर कोऑर्डिनेटर आहे. हॉटेलांच्या मोठ्या शेगड्या, स्टीलचे ओटे, चहाचे बॉयलर आमच्याकडे बनतात आणि ते कुठल्या रॅकवर ठेवलेत हे मला विचारतात. बीकॉम अर्धवट सोडलं. बाकी जे काय येतं ते मोबाईलवर शिकलो. इंग्लिश, एक्सेल आणि इतिहास. इतिहासाचं तर वेडच लागलं. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी इतिहासाची एक पोस्ट टाकतो, नातेवाईक अंगठे दाखवतात. नुसत्या अंगठ्यांवर माणूस फार लवकर विद्वान होतो.

पप्पा वसईहून व्हिजिट व्हिसावर आले ते मला बघायला. म्हणजे तपासायला. निघताना इनेज आत्याला फोनवर म्हणाले होते, "पोरगा तिथे कोणीतरी झालाय की नुसताच राहतोय, ते डोळ्यांनी बघतो. नुसताच राहत असेल तर वाडीवर परत आणतो. केळी आहेत, पानवेल आहे, हात कमी पडतात." आत्याने हे मला जसंच्या तसं सांगितलं. आमच्या घरात निरोपात पाणी घालायची पद्धत नाही.

कंपनीच्या खोलीत पाहुणा ठेवायला परवानगी नाही, म्हणून पप्पा अबू धाबीच्या खलिफा सिटीत आत्याकडे उतरले. पहिल्याच संध्याकाळी, जेवताना, सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "इथे तुला कोण ओळखतं रे?"

आत्या बघतेय. ग्लेन अंकल बघतायत. आत्याची पोरगी केली, नववीतली, ती सुद्धा मोबाईलमधून डोकं वर काढून बघतेय. आता ह्याला काय उत्तर द्यायचं? सुपरवायझर ओळखतो आणि फोर्कलिफ्टवाला ओवेस ओळखतो, असं सांगू?

मी म्हटलं, "पप्पा, आमच्या कंपनीचं काम थेट सरकारात आहे. शेखच्या जुन्या घराचं म्युझियम केलंय ना, तिथे पण आमचाच माल आहे. रविवारी नेतो तुम्हाला. आपलीच माणसं आहेत."

खरं काय होतं? त्या किल्ल्याची डागडुजी चालू असताना तिथल्या कामगारांच्या कॅन्टीनला आमचा एक चहाचा बॉयलर गेला होता. एक. तो पुढे चालला की नाही, देव जाणे.

पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "शेखच्या घरी जायचंय?"

"जुन्या घरी."

"घर ते घर. रिकाम्या हाताने कसं जायचं मग?"

सगळे हसले, मी पण हसलो. आणि तिथेच माझं चुकलं, कारण पप्पा हसले नव्हते.

आता सल्ले. माझ्या बिल्डिंगमध्ये बापू राहतात, साताऱ्याचे, लेबर कॉन्ट्रॅक्टचा धंदा. त्यांच्या लतिकावहिनी डबे करतात, मी त्यांच्याकडेच जेवतो. बापू ह्या देशात इतकी वर्षं आहेत की भारताला ते "तिकडे" म्हणतात. आयुष्यात एकाही म्युझियममध्ये गेलेले नाहीत, त्यामुळे त्यांना म्युझियमबद्दल सगळं माहीत होतं.

"फोटोकडे बोट दाखवायचं नाही," बापू म्हणाले. "शेखलोकांचा फोटो असला की बोट खाली. पूर्ण हात दाखवायचा, असा, पाणी द्यावं तसा."

"बरं."

"फोटोकडे पाठ करायची नाही."

"मग बाहेर कसं यायचं?"

"तिरकं," बापू म्हणाले. "आणि प्रश्न विचारायचा नाही. जे लिहिलंय ते वाचायचं, छान छान म्हणायचं, यल्ला, बाहेर. माझ्या ओळखीचा एक होता, त्याने एक प्रश्न विचारला."

"मग?"

"मग काय? खलास."

"कसला प्रश्न होता?"

"ते कसं कळणार? तोच दिसला नाही परत."

वहिनी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, त्याची नोकरी गेली म्हणून तो कोल्हापूरला गेला. परवा त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली." बापूंनी वहिनींकडे असं बघितलं की जणू त्यांनी सरकारी गुपित फोडलंय. "तू भाजी वाढ," म्हणाले.

मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगू, पोटात कुठेतरी ते बोट अडकून बसलं.

मग बुकिंग. ऑनलाइन. त्या साइटला आधी जाणून घ्यायचं होतं की तुम्ही कोण. रेसिडेंट, टुरिस्ट, विद्यार्थी, ज्येष्ठ. मी रेसिडेंट, पप्पा टुरिस्ट पण ज्येष्ठ पण. दोन्ही खुणा केल्या की पान कोरं. शेवटी टुरिस्ट केलं तर मला सकाळचा स्लॉट आणि पप्पांना संध्याकाळचा. हेल्पलाइनवरच्या बाईंना म्हटलं, "मॅडम, आम्हाला एकत्र जायचंय, ते माझे वडील आहेत." त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला, सर." मी विचारलं, इन्शाल्ला म्हणजे हो की नाही? त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला हो." ह्यावर दोन संध्याकाळी गेल्या. आणि रविवारी दारावर कोणी तिकीट बघितलंही नाही. तिकिटाचा स्कॅनर बंद होता. दारावरची पोरगी हसून म्हणाली, "वेलकम."

पण तिच्याही आधी पप्पांचा पोशाख सांगायला हवा. मी दुबईच्या इब्न बतूता स्टेशनहून पहिली बस पकडून आत्याकडे पोचलो तर पप्पा दारात उभे. लग्नातला कोट. आतून पांढरा शर्ट, गळ्यात क्रॉस, पायात पॉलिश केलेले बूट आणि हातात कापडी पिशवी.

"पप्पा, कोट? इतक्या उन्हात?"

"शेखच्या घरी बनियनवर जाऊ?"

ग्लेन अंकलनी आम्हाला गाडीने सोडलं. आत स्कॅनरवर पिशवी टाकली आणि गार्डने हात वर केला. पिशवीत सुकेळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवतात, ती मधासारखी होतात, मग सुक्या पानात घट्ट गुंडाळून केळीच्याच सोपाच्या दोराने बांधतात. वसईत आता हे करणारी मोजकी घरं उरलीत. त्यातलं एक आमचं. पप्पांना दुसऱ्या कशाचं कौतुक नाही, पण सुकेळी बांधताना त्यांच्यासमोर बोललेलं चालत नाही. चवीला स्वर्ग. पण स्कॅनरच्या पडद्यावर दोरीने बांधलेली लांबुळकी कांडी कशी दिसते, हे मी सांगायला नको.

"फूड," मी गार्डला म्हटलं. "बनाना. ड्राय."

"नो फूड, सर. लॉकर."

पिशवी लॉकरमध्ये ठेवली. मी किल्ली घेत होतो तेव्हा पप्पा म्हणाले, "एक मिनिट, रुमाल राहिला." पिशवीत हात घातला, काढला, कोटात घातला. मी म्हटलं रुमालच.

पहिला हॉल मोत्यांचा. मी ब्रीफिंग सुरू केलं. पाणबुडे कसे दम धरायचे, नाकाला चाप कसा लावायचे. पप्पा हात मागे बांधून, चर्चमध्ये मास ऐकतात तसे ऐकत होते. अधून मधून "हं" म्हणत होते. मला आतून इतकं बरं वाटत होतं! आयुष्यात पहिल्यांदा मी बोलतोय आणि पप्पा ऐकतायत. मी आवाज थोडा खोल केला.

दुसरा हॉल राज्यकर्त्यांचा. छतापर्यंत फोटो. खाली प्रत्येक पाटीवर तेच. दूरदृष्टी, एकजूट, भरभराट. मी पाणी दिल्यासारखा हात दाखवत होतो. पप्पांनी सगळ्या पाट्या संपेपर्यंत वाट बघितली, मग म्हणाले, "ह्यांच्यात भांडणं नाही झाली?"

"कसली भांडणं?"

"जमिनीची, भावाभावांची. एवढा दांडगा किल्ला बांधलाय म्हणजे कोणाची तरी भीती होती ना? तो कोण होता? त्याचा फोटो कुठाय?"

माझ्या पाठीवरून घामाची एक धार निघाली. एसीत. "पप्पा, हळू."

"मराठीत बोलतोय."

"मराठी कळणारे पण असतात इथे."

"मग बरंच झालं, त्यांना विचार." पप्पांचा आवाज वाडीतला आहे, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाणारा. "आपला वसईचा किल्ला बघ. सगळा पडका, पण कोण कोणाशी लढलं ते शाळेतलं पोर सांगेल. हा किल्ला नवाकोरा आणि कोणी कोणाशी लढलंच नाही?"

खरं म्हणजे मी ह्यावर मोबाईलवर पुष्कळ वाचलेलं होतं. हाच तर माझा आवडता विषय. पण कोपऱ्यात एक गार्ड उभा होता. तो आमच्याकडे बघत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. मी म्हटलं, "नाही पप्पा. इथे सगळे प्रेमाने राहायचे."

पप्पांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाले.

ते "बरं" ऐकल्यावर माझा खोल केलेला आवाज आपोआप वर आला.

तिसरा हॉल मजलिसचा, म्हणजे शेखची बैठक. गालिचा, लोड, मधे कॉफीच्या पितळी सुरया आणि भिंतीला टेकून बसलेले दोन मेणाचे म्हातारे. इतके खरे की मला पण क्षणभर सलाम करावासा वाटला. दोरी-बिरी काही नाही. मी दाराजवळच्या मोठ्या फोटोसमोर ग्रुपसाठी सेल्फी काढत होतो. पाठ फोटोकडे होऊ नये म्हणून तिरका उभा राहून. त्यात वेळ गेला, कारण तिरक्यात माझं नाक वाईट येतं. एक चांगला आला. "यल्ला पप्पा, पुढे," म्हणून मी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या दाराने तेलाच्या हॉलमध्ये नेलं. तिथे अंधार होता, व्हिडिओ चालू होता.

अंधारात माझ्या लक्षात आलं की पप्पा चालताना आवाज येत नाहीये.

तेवढ्यात दिवे लागले. स्पीकरवर एक गोड बाई म्हणाली की कृपया सर्व पाहुण्यांनी अंगणात जावं. गार्ड आले, हसतमुख, पण भराभर. "दिस वे, दिस वे." एका आजोबांनी विचारलं काय झालं. कोणीतरी म्हणालं, मजलिसमध्ये कोणीतरी बंडल ठेवलंय. दोरीने बांधलेलं.

मी पप्पांच्या पायांकडे बघितलं. मोजे.

"पप्पा. बूट?"

"दाराशी काढले. बैठकीत बुटांनी जायचं? दुसऱ्यांनी पण नव्हते घातले," ते म्हणाले. दुसरे म्हणजे ते मेणाचे दोघे.

"आणि ते बंडल..."

"मोठ्या लोडाजवळ ठेवलं. घरात कोणी हललं नाही, म्हटलं आल्यावर बघतील. नमस्कार करून आलो."

अंगण. भर दुपार. दगडी फरशी. सगळे पाहुणे भिंतीच्या सावलीत दाटीवाटीने उभे आणि आम्ही मागून आलो म्हणून उन्हात. पप्पा एक पाय उचलत, ठेवत, मग दुसरा. लग्नाच्या कोटात. कोणी लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं वरात आलीय.

"पप्पा, हलू नका, सगळे बघतायत."

"भाजतंय रे."

एक गार्ड आला, छातीवर नावाची पाटी, हमदुल्ला. एका हातात हातमोजा आणि त्या हातात पप्पांचे बूट. तो एकेकाला विचारत होता. आमच्यापर्यंत आला. "सर, ये शूज आपका है?"

मी म्हटलं, "नो."

इथे थोडं थांबतो, कारण हे टाईप करताना कान गरम होतात. मी "नो" म्हटलं तेव्हा पप्पा माझ्या शेजारी होते. खांद्याला खांदा लागलेला. अख्ख्या अंगणात बिनबुटांचा माणूस एकच होता.

हमदुल्लाने पप्पांच्या मोज्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, इनके शूज कहाँ हैं?"

"नहीं पहनते."

"नहीं पहनते?"

"रिलिजन," मी म्हटलं.

हमदुल्लाने पप्पांच्या गळ्यातला क्रॉस बघितला. त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की हा धर्म आपल्याला नव्याने समजून घ्यावा लागेल. पप्पा म्हणाले, "रॉक, बूट आपलेच आहेत, घे ना." मी म्हटलं, "पप्पा, गप्प बसा." मी माझ्या वडिलांना, आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, गप्प बसा म्हटलं.

आणि ते बसले गप्प. त्या तापलेल्या फरशीवर हलायचे पण थांबले.

मग ऑफिस. साहेब पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यात, पन्नाशीचे, अत्तराचा मंद वास. बंडल तपासून झालं होतं, पारदर्शक पिशवीत टेबलावर पडलं होतं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. आम्हाला बसवलं, पप्पांचे बूट परत दिले, कॉफी मागवली आणि टॅबलेट माझ्यासमोर सरकवला. व्हिडिओ. पप्पा बूट काढतात, जोडीने ठेवतात. गालिच्यावर जातात. कोटातून बंडल काढतात, रुमालाने पुसतात, लोडाजवळ ठेवतात, मेणाच्या म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार करतात. आणि फ्रेमच्या कोपऱ्यात एक तरुण तिरका उभा राहून स्वतःचं नाक तपासतोय.

"यू सेड नॉट युवर शूज," साहेब इंग्लिशमध्ये म्हणाले. "व्हाय?"

बापूंच्या ओळखीचा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. नोकरी, व्हिसा, एअरपोर्ट, वाडी, केळी, सगळं एका रांगेत. आणि तोंडातून निघालं ते असं. "सर, माय फादर इज नॉट वेल. मेमरी प्रॉब्लेम, सर. मेंटली. ही डझन्ट नो व्हॉट ही इज डूइंग. आय वॉज शाय..." म्हणजे, आय वॉज शाय टू टेल, असं म्हणायचं होतं, पण तेवढं इंग्लिश पुरलं नाही.

पप्पा कॉफीचा छोटा कप दोन्ही हातांत धरून बसले होते. पाहुण्यासारखे, हसत. त्यांना वाटलं मी आमच्या बॉयलरबद्दल सांगतोय.

साहेबांनी खुर्ची वळवली. "चाचा, हिंदी आता है?"

मी मेलो. इथल्या जुन्या लोकांना हिंदी येतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. त्यावर मी एक पोस्ट पण टाकली होती.

"आता है साहब," पप्पा खूश झाले.

"ये बेटा बोलता है, तुम्हारा दिमाग ठीक नहीं. सब भूल जाता है. सच बात है?"

पप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच नाही गेलं. ते आधी माझ्याकडे वळले. विचारायला, की बाबा हे नीट कळलं नाही मला. मी टॅबलेटकडे बघत होतो. व्हिडिओ संपला होता, काळा पडदा होता, तरी बघत होतो.

"सच है साहब," पप्पा म्हणाले. "भूल जाता है."

"क्या भूलता है?"

"सब." मग जरा थांबून, "कभी कभी बेटे को भी नहीं पहचानता."

हे ते नाटकासाठी म्हणाले की मला, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

साहेबांचा चेहरा एकदम बदलला. उठून आले, पप्पांच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. "मेरा बाबा भी आखिर में ऐसा हुआ था, चाचा. मैं सामने बैठा है, और मेरे को पूछता है, तुम किसका मेहमान है? खाना खाया?" त्यांचे डोळे भरले. खरंच भरले. इतका सज्जन माणूस, आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर खोटं घेऊन बसलेलो. पप्पांनी परत एकदा माझ्याकडे बघितलं. मी आता सांगितलं असतं तर चाललं असतं. साहेब हसले असते. मला हे तेव्हाही कळत होतं.

मी कॉफी प्यायलो.

साहेबांनी टेबलावरची पिशवी उचलली. "ये क्या है चाचा? खजूर जैसा है."

पप्पा सरसावले. "ये साहब, हमारे उधर का राजेळी केला, उसको पहले..." डोळे चमकले, दोन्ही हात वर आले, सोलायच्या खुणेला, आणि तिथेच थांबले. सगळं विसरणाऱ्या माणसाला सुकेळी कशी करतात हे कसं आठवेल? त्यांनी हात परत मांडीवर ठेवले.

"याद नहीं साहब," ते म्हणाले. "केला है शायद."

शायद.

नियम नियम असतो, त्यामुळे ते बंडल कोणीतरी येऊन घेऊन गेलं. कुठे नेलं ते विचारलं नाही. बापूंनी सांगितलंच होतं की प्रश्न विचारायचा नाही.

संपलं असं वाटलं ना? मला पण. मी उठलो, थँक्यू सर, सॉरी सर. पण साहेबांचं प्रेम आता मोकाट सुटलं होतं. "नो, नो, हबीबी. चाचा अब हमारा मेहमान है. पूरा देखेगा." फोन फिरवला आणि दारात व्हीलचेअर. सोबत एक फिलिपिनो पोरगी, हसरी, ज्येष्ठांसाठीच्या खास ट्रेनिंगवाली. माझे पप्पा आजही माडावर चढतात. पाण्याचा पंप एकट्याने उचलतात. ते त्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "हे कोणाला?"

मग त्यांना आठवलं कोणाला. कोटाची बटणं लावली आणि बसले.

मी ढकलत होतो. परत पहिल्या हॉलपासून. ती पोरगी पप्पांच्या कानाशी वाकून, मोठ्याने, तोडून तोडून सांगत होती. "पापा! धिस! इज! पर्ल!" पप्पा मान डोलवत होते. राज्यकर्त्यांच्या हॉलमध्ये तिने विचारलं, "पापा, एनी क्वेश्चन?" मी खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

"नो," पप्पा म्हणाले. "व्हेरी गुड."

ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. सकाळचा तो माणूस, त्याचा फोटो कुठाय म्हणून अख्ख्या हॉलला ऐकवणारा, तो त्या खुर्चीत कुठेच नव्हता. मजलिसमध्ये एक नवीन गोष्ट होती, गालिच्यासमोर दोरी बांधून झाली होती.

शेवटी साहेब स्वतः गेटपर्यंत आले. खजुराचा डबा पप्पांच्या मांडीवर ठेवला. समोर ग्लेन अंकलची गाडी. आत्या आणि केली पण आलेल्या, बाहेर जेवायचं ठरलं होतं ना. आत्याने भावाला व्हीलचेअरवर बघितलं आणि गाडीचं दार उघडं टाकून धावली. "अगं बाय! काय झालं माझ्या भावाला? सकाळी चांगला धाडला होता!"

"आत्या, काही नाही, मी सांगतो..."

"तू बाजूला हो! अरे बोल ना रे माझ्याशी!" तिने पप्पांचे खांदे धरून हलवले.

साहेब मागे उभे. हमदुल्ला उभा. ती पोरगी उभी. पप्पांनी सख्ख्या बहिणीकडे नीट बघितलं.

"आप कौन?" म्हणाले.

आत्याने जी किंकाळी फोडली ती किल्ल्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखी होती. आता तिथे लढाई झाली नाही असं कोणी म्हणू नये. ग्लेन अंकल मटकन बॉनेटवर बसले. केली म्हणाली, "ओ माय गॉड, ही वॉज फाइन ॲट ब्रेकफास्ट!" साहेबांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "फॅमिलीला अजून सांगितलं नाहीस?" असं हिंदीत विचारलं. मी मान हलवली. "सांग," ते म्हणाले. "तू अच्छा बेटा है."

साहेब आत जायला वळले. मी खाली वाकून कुजबुजलो, "पप्पा, उठा आता. झालं."

"कॅमेरा आहे," पप्पा ओठ न हलवता म्हणाले. "गाडीपर्यंत ढकल."

मी ढकललं. पोरीने खुर्ची परत नेली. गाडी गेटच्या बाहेर पडली, वळली, सिग्नल लागला. मागच्या सीटवर आत्या हुंदके देत, जपमाळ काढून बसलेली. पप्पा म्हणाले, "इनेज, गप गं. ओळखतो तुला. लहानपणी माझी पाटी फोडली होतीस ती तूच ना?"

आत्याचे हुंदके जागच्या जागी थांबले. मग तिने त्यांना जपमाळेनेच मारलं. "मेल्या! मग ते काय होतं? आप कौन म्हणे! कशासाठी ते सोंग?"

मी पुढे बसलो होतो. आरशात पप्पा दिसत होते. त्यांनी बूट काढले होते आणि एका पायाचा तळवा दुसऱ्या मांडीवर घेऊन अंगठ्याने हळूहळू चोळत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते मला वेळ देत होते. तेवढं मला कळलं.

सिग्नल सुटला.

"ऊन लागलं गं," शेवटी पप्पाच म्हणाले. "चक्कर आली, काही सुचेना. रॉक होता म्हणून बरं. त्यानेच सगळं सांभाळलं. साहेब स्वतः गेटपर्यंत सोडायला आले, बघितलंस ना?"

"खरं का रे?" आत्याने मला विचारलं. तिच्या आवाजात चक्क मान होता.

"हो आत्या," मी म्हटलं. "ऊन फार होतं."

"बट," केली म्हणाली, "द होल म्युझियम इज एसी, ना?"